कोरडे तोंड

युनूसच्या घरात मिठाच्या पाण्याचा लोटा आता माठाशेजारीच झाकून ठेवलेला असे. त्याची आई आयशाबी सकाळची नमाज आटोपली की आधी तो लोटा भरायची. मूठभर मीठ, वरून पाणी, बोटाने ढवळून जिभेला लावायचे. तोंड वाकडे झाले म्हणजे प्रमाण बरोबर. विष पोटात गेलेल्या माणसाला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायची, हा त्या कापसाच्या मुलखातला घरोघरचा पहिला उपाय. तो बरा की वाईट हे कुणी विचारीत नसे. दवाखाना लांब असतो आणि मीठ हाताशी असते. युनूस हे पाणी इतक्यांदा प्यायला होता, की नुसता लोटा दिसला तरी त्याच्या घशाशी येई.

ढाणकीत बसथांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे फवारणीपंप दुरुस्तीचे दुकान होते. वडिलांनी सुरू केलेले, त्याने वाढवलेले. ऐन हंगामात दुकानासमोर पंपांची रांग लागावी आणि पंपवाल्यांनी एकमेकांच्या शेतातल्या अळीची चौकशी करीत बाकड्यावर बसून राहावे, अशी त्या दुकानाची रीत. पण यंदा कपाशीला पाती-फुले लागली, फवारण्या सुरू झाल्या आणि दुकानाचे शटर खालीच. "आज तब्येत बरी नाही," असे आधी तो सांगे. मग सांगणेही थांबले. आता येत्या रविवारी त्याचा मेहुणा अय्याज उमरखेडहून येणार होता आणि दुकानाची किल्ली घेऊन तिथे मोबाइलचे दुकान टाकणार होता. युनूसनेच त्याला फोन करून बोलावले होते. विषात बसून मरण्यापेक्षा दुकान गेलेले बरे, असे त्याच्या मनाने घेतले होते.

त्याला हे विष केव्हा बाधले, याविषयी घरात दुमत नव्हते.

आदल्या वर्षीचा पावसाळा जिल्हा विसरला नव्हता. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली. अळी बोंडात शिरलेली. लोक दोन-दोन औषधे एकत्र कालवून फवारीत होते. फवारा वर धरावा लागे आणि वाऱ्याबरोबर तोच तोंडावर येई. गावोगावची माणसे दवाखान्यांत भरती झाली, काही परत आलीच नाहीत. तशात एका दुपारी धावजी राठोड गळका पंप पाठीवर घेऊन युनूसच्या दुकानात आला. लोकांच्या शेतात मजुरीने फवारणी करणारा हा माणूस तोंडाने मोठा फटकळ. त्या दिवशी मात्र तो काही बोलला नाही. पाठ औषधाने भिजलेली, बाकड्यावर टेकला तो तसाच खाली घसरला. तोंडातून लाळेची धार लागली, डोळे वाहू लागले, अंग थरथरू लागले. युनूसने रस्त्यावरची जीप अडवली, धावजीचे डोके मांडीवर घेतले आणि उमरखेडपर्यंत त्याला तसाच धरून बसला. उतरला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत धावजीच्या लाळेने ओली झाली होती. धावजी वाचला. लोकांनी युनूसची पाठ थोपटली. युनूस त्या रात्री गाढ झोपला आणि दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखे दुकान उघडले.

एक बदल मात्र त्याने केला. नोझलमध्ये कचरा अडकला की ते तोंडाला लावायचे आणि सणसणीत फुंकर मारायची, ही या धंद्यातली जुनी सवय. पिन घातली तर छिद्र मोठे होते. फुंकरीने होत नाही. वडील फुंकत, युनूस फुंकत असे, आणि शेतात उभे राहून शेतकरीही फुंकत. धावजीनंतर युनूसने सायकलचा हवेचा पंप आणून टेबलाला बांधला आणि फुंकर सोडली.

पण तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. यंदाच्या हंगामाच्या तोंडावर, एका उकाड्याच्या दुपारी, दुकानात गर्दी, पोटात सकाळपासून नुसता चहा, आणि बोलता बोलता त्याने नोझल उचलून ओठांना लावले, फुंकले. फुंकल्यावर त्याला कळले, आपण काय केले. हातातले नोझल खाली पडले. छातीत कुणी आतून धडका देते आहे असे वाटले. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, घामाने सदरा भिजला, समोरची माणसे लांब गेल्यासारखी दिसू लागली. आपण मरतो आहोत, याविषयी त्याच्या मनात तिळभरही शंका उरली नाही. "चढली रे, युनूसभाईले दवाई चढली!" म्हणून ओरडा झाला. लोकांनी उचलून घरी आणले, आयशाबीने मिठाचे पाणी ओतले, तो भडाभडा ओकला आणि थोड्या वेळाने शांत झाला. विष बाहेर पडले म्हणून साऱ्यांनी हुश्श केले.

पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा तसेच झाले. मग मशिदीत, सजद्यातून उठताना, शेजारच्याच्या अत्तराचा उग्र वास आला तेव्हा. मग बसमध्ये, फवारणी चाललेल्या शेतावरून वारा आला तेव्हा. मग काही कारण नसताना, घरात, जेवताना. युनूस मशिदीत दाराजवळच्या रांगेत उभा राहू लागला, बस टाळू लागला, बाजार टाळू लागला. झटका नसे त्या वेळी तो झटक्याची वाट पाहत असे. आणि वाट पाहिली की तो येई. प्रत्येक वेळी लोटा, प्रत्येक वेळी ओकारी. एका खाजगी डॉक्टराने छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासले आणि हसून सांगितले, "तुम्हाला काही झालेलं नाही." या वाक्याने घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. युनूस मात्र त्या दिवसापासून अधिकच खचला. काही झालेले नाही, तर मग हे रोज मरणे कुणाचे?

शुक्रवारी दुपारी धावजी घरी आला. खांद्यावर पंप. युनूस ओट्यावर बसला होता, तो पंप पाहून आत सरकला.

"काहून हो युनूसभाई, पंप पाहून पळता? मी काई वसुलीले नाई आलो."

"धावजी, मी दुकान सोडून राह्यलो. तू तो बाहेर ठेव. बाहेर, बाहेर."

"धुतला आहे ना बापा, साबण लावून. माया बायकोनं मले नसन धुतलं इतका धुतला." धावजीने तरी पंप अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला आणि येऊन पायरीवर बसला. "मालकाचं फवारणं अडलं आहे. या खेपेला मुसकं घालतो, चष्मा घालतो, वारा पाहतो. लेकरं म्हणतात, बाबा चोरावानी दिसते. पण पंपाचं प्रेशर बसत नाई."

"उमरखेडले ने."

"तिथले पोट्टे वायसर बदलतात अन् पैसे मोटरचे घेतात." तो थोडा थांबला. "तुमची तब्येत ऐकली मी. दवाई चढली म्हणतात."

युनूसची बायको नसरीन चहा घेऊन बाहेर आली. ती मारेगावकडची, शेतकऱ्याची लेक. सासूची दखनी आणि तिची वऱ्हाडी या घरात सुखाने नांदत. ती म्हणाली, "धावजीभाऊ, तुमाले दवाखान्यातून सुटी झाल्यावर बी असे झटके येत होते का?"

"झटके नाई. झोप नव्हती. डोळा लागला का मी त्याच शेतात. मंग दवाखान्यात एक डॉक्टरबाई येते आठवड्यातून एक खेप, तिच्याकडं पाठवलं. मनाची डॉक्टर म्हणतात तिले. मी म्हणलं, मी काय पागल हाओ? ते बाई म्हणे, पागल असता तर विचारलं नसतं." धावजी स्वतःच हसला. "उद्या तिचा वार आहे. चला माया संगं. मले गोळी आणाची आहे."

"बसनं?" युनूसने विचारले.

"नाई तर काय, इमानानं?"

शनिवारी सकाळी बसमध्ये युनूस खिडकीशी बसला, नसरीन शेजारी, धावजी पुढच्या बाकावर मागे तोंड करून. युनूसला दोनदा उतरावेसे वाटले. नसरीनने त्याचे मनगट धरून ठेवले होते. धावजी अखंड बोलत होता. उमरखेडच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बरीच वाट पाहिल्यावर त्यांचा नंबर लागला.

डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, चेहऱ्याने थकलेल्या होत्या. त्यांनी आधीचे कागद पाहिले, नाडी पाहिली, गळा चाचपला, थायरॉइडची तपासणी लिहून दिली. मग कागद बाजूला ठेवला. "झटका येतो तेव्हा काय काय होतं? पहिल्यापासून सांगा."

युनूसने धावजीच्या त्या दुपारपासून सगळे सांगितले.

"तोंड कसं होतं त्या वेळी?"

"तोंड?"

"लाळ सुटते, की कोरडं पडतं?"

"कोरडं. पार लाकडावानी. जीभ टाळूले चिकटते."

"आणि मागच्या वर्षी धावजींचं तोंड कसं होतं?"

युनूसने आपल्या मांडीकडे पाहिले. ती ओल त्याला आत्ता, या क्षणी, कापडातून जाणवली. "धार लागलती," तो हळू म्हणाला. "माही पँट भिजली."

"फवारणीच्या ज्या औषधांनी धावजी पडले, ती अंगात गेली की शरीर पाणी सोडतं. लाळ, डोळे, नाक, सगळं वाहतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. भीतीनं उलटं होतं. तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात. घाम आणि धडधड तेवढी दोन्हीकडे. म्हणून फसायला होतं." त्यांनी नसरीनकडे पाहिले. "पण घरी बसून तोंड पाहून ठरवायचं नाही. खरंच औषध अंगावर सांडलं, पोटात गेलं, तर कपडे काढा, अंग धुवा आणि सरळ इकडे आणा. मिठाचं पाणी कधीच नाही. त्यानं माणूस आणखी बिघडतो, आणि एखाद्या वेळी जातोही."

"पण बाई," युनूस जरा चिडून म्हणाला, "मी ते नोझल फुंकलं होतं. तोंडानं. हे तर खोटं नाई."

"कोणतं नोझल? कुणाच्या पंपाचं?"

युनूसने तोंड उघडले आणि तसेच ठेवले. ती दुपार त्याने शंभरदा आठवली होती. पण ती नेहमी नोझल ओठांना लागल्यापासून सुरू होई. आता पहिल्यांदाच तो त्याच्या एक पाऊल मागे गेला. गिऱ्हाईक भगवानरावांचा पंप. जुने नोझल झिजलेले, म्हणून फेकले. भिंतीवरच्या पट्टीतून पाकीट काढले, दाताने फाडले...

"नवं होतं," तो म्हणाला. "पाकिटातलं. प्लास्टिकचा चुरा असते आत, म्हणून फुंकलं."

नसरीनने त्याच्याकडे पाहिले.

"मंग मी इतके दिवस नाटक करून राह्यलो का?" त्याचा आवाज फाटला.

"नाटकानं नाडी इतकी पळत नाही. मला सांगा, ज्या दिवशी धावजींना मांडीवर घेऊन आलात, त्या दिवशी घाबरला होतात?"

"घाबराले फुरसत कुठं होती?"

"मग ती भीती कुठे गेली?"

डॉक्टरबाई एवढेच म्हणाल्या, की याला एकच कारण नसते. धोका खरा होता, डोळ्यांनी पाहिलेला होता. त्यावर उकाडा, रिकामे पोट, चहावर चहा. छाती धडधडली, ती विषाने धडधडते आहे असे वाटले, त्या वाटण्याने ती आणखी धडधडली. मग प्रत्येक ओकारीने अंगातले त्राण गेले, हातपाय कापले, आणि ते कापणेही विषाच्याच खात्यात पडले. "आणि काही घरांत हे थोडं रक्तातच असतं. तुमच्या घरात कुणाला होतं?"

"नाई," युनूस म्हणाला. "आमच्यात कोणाले नाई."

त्यांनी एक गोळी लिहून दिली, तिचा गुण यायला काही आठवडे लागतील असे बजावले, श्वास हळू सोडायला शिकवला आणि पुन्हा बोलावले. निघताना म्हणाल्या, "झटका पुन्हा येईल. पळू नका. तो चढतो तसा उतरतोही, हे एकदा बसून पाहा."

परतीच्या बसमध्ये युनूस नसरीनला म्हणाला, "बॅटरीचा पंप असते ना, त्याचा प्रेशर स्विच चिकटला का गन बंद केली तरी मोटर चालूच राह्यते. टाकी बरोबर, मोटर बरोबर, तरी घरघर घरघर."

"मंग त्या बाईनं स्विच बदलून दिला का?"

"म्हणते, धीरे धीरे सुटन."

पुढच्या बाकावरून धावजी म्हणाला, "माया पंपाचं बी स्विचच बिघडलं असन. तुमी पाहत नाई म्हणून कळत नाई."

घरी आयशाबी दारातच उभी होती. नसरीनने दवाखान्यातले सगळे सांगितले. मिठाच्या पाण्याचे ऐकताच म्हातारीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी माझ्या लेकराला मारत होते?" ती तिच्या दखनीत म्हणाली.

"नाही अम्मा. तू वाचवत होतीस. मी बुडत होतो ते विषात नाही, भीतीत," युनूस म्हणाला.

आयशाबी खाली बसली. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिली. "डॉक्टरीण म्हणाली, घरात कुणाला होतं?"

"विचारलं तिनं. मी नाही म्हणलं."

"तुझे अब्बा," ती थांबत थांबत म्हणाली, "बसमधून मधेच उतरायचे. पुसदच्या लग्नाला निघालो होतो, तू पोटात होतास. कंडक्टरला ओरडून गाडी थांबवली, उतरले आणि रानातून चालत सुटले. घामाने निथळत होते. मी म्हणाले, हट्टी माणूस आहे, माझ्या माहेरचं लग्न म्हणून. जन्मभर तसंच म्हणत राहिले. ते एकदाच बोलले, 'आयशा, गाडीत जान निकलती है.' मला वाटलं, बहाणा." तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "त्यांना कुणी विचारलं नाही, तोंड कोरडं पडतं का म्हणून."

नसरीनने दिवा लावला.

रविवारी सकाळी, अय्याज यायच्या आधी, युनूसने शटर वर केले. आतून कोंडलेल्या रबराचा, तेलाचा, आणि त्या सगळ्याखाली औषधाचा वास आला. त्याने नाकातोंडाला रुमाल बांधला, हातात मोजे चढवले. धोका खरा आहे हे डॉक्टरबाईंनीही नाकारले नव्हते. बाहेर खडूने फळीवर लिहिले: पंप धुऊन आणल्याशिवाय हात लावणार नाही. धावजी बाकड्यावर आधीच येऊन बसला होता. आयशाबी आणि नसरीन शेजारच्या ओट्यावर, काही कामच नसल्यासारख्या.

युनूसने धावजीचा पंप टेबलावर घेतला. झाकण उघडले. आत स्वच्छ होते, साबणाचा वास येत होता. स्विचचे पेच सोडवायला घेतले, आणि ते आले. आधी बोटांत, मग छातीत. पेचकस हातातून सुटला. रस्ता लांब गेला.

"अम्मा!" त्याच्या तोंडून निघून गेले.

आयशाबी उठली. तिच्या हातात लोटा होता. सवयीने तिने सकाळी तो भरला होता, सवयीने पदराआड आणला होता. ती दोन पावले पुढे आली आणि थांबली. त्या थांबण्याला तिला किती बळ लागले, हे नसरीनला दिसले.

नसरीनने धावत जाऊन त्याचा रुमाल खाली ओढला. "तोंड उघडा. कसं आहे?"

"को... कोरडं."

"औषध सांडलं?"

"नाई. पंप... धुतलेला आहे."

"मंग बसा. इथंच बसा. मी बसली आहो."

तो बाकड्यावर धावजीशेजारी टेकला. पाय पळायला पाहत होते. त्याने ते जमिनीवर दाबून ठेवले. छातीतली धडधड वाढत गेली, वाढत गेली, आता छाती फुटणार असे झाले. नेहमी इथेच लोटा येई, म्हणून यापुढे काय असते ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. श्वास हळू सोडत तो पाहत राहिला. धावजीने आपला जाड, भेगाळलेला हात फक्त युनूसच्या मांडीवर ठेवला, जिथे एकदा त्याचे डोके होते.

शिखरावर पोहोचलेला माणूस उतरणीला लागतो तसे ते उतरू लागले. कुणी ओकारी काढली नव्हती, काही बाहेर पडले नव्हते. तरी ते उतरले. रस्ता जवळ आला. समोरच्या हॉटेलातला तळणाचा वास आला. युनूसने कोरडे ओठ चाटले.

"गेलं?" धावजीने विचारले.

"गेलं. येईल परत."

"येऊ द्या. बाकडं मोठं आहे."

अय्याज मोटारसायकल उभी करून दुकानात शिरला तेव्हा युनूस वाकून स्विचची पत्ती घासत होता. अय्याजने चारी भिंती नजरेने मोजल्या. "भाईजान, किल्ली?"

"किल्ली राहू दे माझ्याकडं," युनूस मान वर न करता म्हणाला. "तुला इतक्या लांबून बोलावलं, चूक झाली. जेवून जा."

अय्याजने बहिणीकडे पाहिले. नसरीनने नुसती मान हलवली.

आयशाबी अजून तिथेच उभी होती. हातातल्या लोट्याकडे पाहत तिने विचारले, "मग याचं काय करू?"

"घरी पाहुणा आला आहे, अम्मा," नसरीन म्हणाली. "डाळीत टाकू. फक्त आज डाळीत दुसरं मीठ नका घालू."